झरा सुशोभित कसा करावा

तुमच्या गावात बारमाही झरा, कुंड किंवा जुनी बारव असेल आणि तिथल्या उद्यानाच्या विस्ताराला निधी मंजूर झाला असेल, तर आधी अभिनंदन. परवाच असा एक आराखडा भिंतीवर लागलेला पाहिला. कमान, सेल्फी पॉइंट, ओपन जिम, कारंजं, पार्किंग, सगळं रंगीत. झरा तेवढा दिसला नाही. तुमचंही काम असंच नेटकं व्हावं, म्हणून या चार सूचना.

पाणी कुठून येतं, हे अजिबात शोधू नका. आपल्याकडचा बेसाल्ट थराथरांचा. वरच्या भेगाळ, मुरमाड थरात पाऊस मुरतो, खालच्या एकसंध काळ्या कातळावर अडतो आणि उतारावर तो थर उघडा पडला की झरा फुटतो. म्हणजे दुकान खाली, गोदाम वरच्या माळावर. पार्किंग नेमकं त्या माळावर घ्या. 700 मिलिमीटर पाऊस झाला तर एकरावर 28 लाख लिटर पडतं. दहा टक्के मुरलं तरी पावणेतीन लाख. काँक्रीटवर पेव्हर बसवले की सगळं गटारात, चिखलाची कटकटच नाही.

स्वच्छतागृहाचा शोषखड्डा झऱ्याच्या वरच्या अंगाला घ्या. उतार आहेच.

लॉन हवंच. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज 5 लिटर धरा, एकराला 20 हजार. दोन टँकर फक्त.

अभ्यासदौरा लांबचा काढा. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरची नहर, म्हणजे जमिनीखालची पाणीवाट आहे, तिथल्याच पाणचक्कीला वेगळ्या नहरीनं डोंगरातलं पाणी खापरी नळांतून मोटारीविना, नुसत्या उताराच्या जोरावर आलं, पण तिथं विमानानं जावं लागत नाही. मग अभ्यास कसला?

आता मुख्य काम, कुंड. जुन्या बारवेत बरेच चिरे कोरडे रचलेले दिसतात. गवंड्याकडचा चुना संपला म्हणून नव्हे. सांध्यांतूनच पाणी आत येतं. तेव्हा गुत्तेदाराला सांगून सगळे सांधे सिमेंटनं बुजवा. गाळ जेसीबीनं काढा, गाळाखालचा मुरूमही खरवडा, त्यावर सहा इंच पीसीसी, म्हणजे साधं सिमेंट काँक्रीट, वरून वॉटरप्रूफिंग. झऱ्याला वॉटरप्रूफिंग! अंदाजपत्रकात ही ओळ लिहिताना, तपासताना, मंजूर करताना एकाचाही हात अडखळला नाही? पावसाळ्यात भिंतीमागे पाणी तुंबतं, वाट सापडत नाही, भिंतीला पोट येतं. तळाचं काँक्रीट खालच्या दाबानं उचलून तडकतं. मग ‘मूळ बांधकामच कमकुवत होतं’ असा शेरा, चिरे उपटून बाहेर आणि दुसरी निविदा. उन्हाळ्यात कुंड कोरडं, म्हणून शेजारीच 300 फुटांचा बोअर, त्याच भेगांतलं पाणी ओढायला. उरलासुरला पाझरही संपला की कुंडात टँकर ओतायचा आणि त्या क्षारट पाण्यावर कारंजं चालवायचं. नोझल बुजतात, पंप जळतो, उद्घाटनाचा फोटो मात्र आलेला असतो.

बस झालं आता. अहो, एक बादली आणि एक घड्याळ एवढंच लागतं! 15 लिटरची बादली 30 सेकंदांत भरली तर झरा दिवसाला 43 हजार लिटर देतो. दर आठवड्याला, वर्षभर, मे महिन्यातही मोजा. मग ठरवा लॉन किती आणि कारंजं हवं की नको. वरचा माळ मोकळा ठेवा, उताराला आडवे चर खणा. सांधे उघडे ठेवा. गाळ माणसं लावून काढा आणि मुरूम लागला की थांबा. यात कुणाचं बिल फुगत नाही, म्हणूनच हे आराखड्यात नाही. हरकती मागवता ना? मग आलेले कागद वाचा तरी!

आणि तुम्ही, दर उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन पळणारे! कमानीवर कुणाचं नाव यावरून काय भांडताय? वर्क ऑर्डर निघायच्या आत अंदाजपत्रकाची प्रत मागा आणि ती पीसीसीची ओळ खोडायला लावा.