ट्रेलरचं वजन: भाऊजींना आलेल्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी भाऊजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: ‘अमेरिकेत ट्रकला आरव्ही ट्रेलर जोडून फिरणाऱ्यांसाठी सहा टिपा, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’ एरवी असले मेसेज मी उघडतही नाही. पण पुढच्या महिन्यात ताई आणि भाऊजी भाच्याकडे टेक्सासला चाललेत. त्याचा पिकअप ट्रक आहे, आरव्ही म्हणजे राहायचा ट्रेलर भाड्याने घेऊन पाच जणांनी डोंगरात जायचं ठरतंय, आणि भाऊजींनी खाली त्याला लिहिलंय, ‘हे वाचून ठेव रे.’ मी २२ वर्षं वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर माल भरून गाड्या सोडतोय. हे वाचून मला गप्प बसवेना.

आधी तिसरी टीप घेतो, कारण तिच्यामुळे माणसं मरतात. ‘जड सामान ट्रेलरच्या मागच्या भागात ठेवा, ट्रकवर भार येत नाही आणि इंजिन मोकळं राहतं.’ हे लिहिणाऱ्याने मस्जिद बंदरला जाऊन हातगाडी भरताना एकदा तरी बघावी. हमाल पोती रचतो, मग दांडी उचलून बघतो. दांडी हाताला थोडी जड लागली तर निघतो. ती आपोआप वर जायला लागली तर दोन पोती मागून काढून पुढे टाकतो, त्याशिवाय पाऊल उचलत नाही. आमचे वडील गावाकडे बैलगाडी हाकायचे, ते याला ‘गाडी उलाळ झाली’ म्हणायचे.

उलाळ झालेली बैलगाडी जागच्या जागी मागे कलते, फार तर पोती सांडतात. ट्रेलर ताशी १०० किलोमीटरने पळत असतो. मागे वजन असलं की त्याची शेपूट डावीउजवीकडे झुलायला लागते, प्रत्येक झोक्याला ट्रकचा मागचा भाग ढकलला जातो, आणि एका हद्दीपुढे स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी ऐकत नाही. म्हणूनच भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे, ट्रकच्या हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडावर) यायला हवा, असं तिकडे सांगतात. जड वस्तू ट्रेलरच्या चाकांवर किंवा किंचित पुढे, आणि खाली जमिनीलगत ठेवायच्या.

चौथी टीप त्याच्या वरताण: ‘ट्रेलर डोलायला लागला तर वेग वाढवा, आपोआप सरळ होतो.’ अरे, वेगानेच तो डोलतोय! ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ट्रेलरच्या ब्रेकचा जो वेगळा कंट्रोलर केबिनमध्ये असतो तो हाताने हळूहळू दाबायचा. ट्रकचा ब्रेक कचकन मारायचा नाही. भाच्याने हे एवढं एक पाठ करावं.

आता पहिली आणि दुसरी टीप एकत्र, कारण चूक एकच आहे. ‘जाहिरातीतला ओढण्याचा आकडा बघा, ट्रेलरचं रिकामं वजन त्याच्या आत असलं की झालं, माणसं मोजायची गरज नाही.’ मी भाच्याला फोन करून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो मागवला. त्यावर छापलंय की माणसं आणि सामान मिळून वजन १,४१० पाउंडांच्या वर कधीही जाता कामा नये. म्हणजे साधारण ६४० किलो. जाहिरातीत ९,२०० पाउंड ओढतो म्हणून मिरवणाऱ्या ट्रकचं हे स्टिकर!

हिशेब करू. ट्रेलर रिकामा ५,६०० पाउंडांचा. पाणी, गॅस, भांडी, अंथरुणं, ताईचे डबे, सगळं भरून ६,८०० धरू, म्हणजे ३,०८० किलोच्या आसपास. नुसतं १५० लिटर पाणी भरलं की १५० किलो चढतात, आणि रिकाम्या वजनात ते धरलेलंच नसतं. हिचवर १३ टक्के भार आला तर ४०० किलो, आणि हा भार ट्रकवरच बसतो, म्हणून हे ४०० ट्रकच्या ६४० मधूनच जातात. उरले २४०. पाच जणांचं वजन मी फोनवर विचारून मांडलं, ३०० किलो भरलं. बॅगा ठेवायच्या आधीच ६० किलो जास्त. ओढायच्या आकड्याच्या मात्र २,४०० पाउंड आतच आहोत! घरोघरी फसगत होते ती इथे.

आणि तो जाहिरातीतला आकडा? एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे२८०७ मानकानुसार चाचणी होते तेव्हा ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि एक प्रवासी धरतात, प्रत्येकी १५० पाउंडांचा. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ असतो, तोही एसी पूर्ण चालू ठेवून. चाचणी कडक आहे, मान्य. पण तिथे मागच्या सीटवर ताई, भाऊजी आणि नात बसलेली नसतात.

पाचवी टीप, ‘वजन वाटणारा हिच लावला की क्षमता वाढते’. अर्धं खरं आहे. त्याने ट्रकची मागची बाजू बसत नाही, थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर जातो, गाडी हाताळायला बरी पडते. जरूर लावावा. पण स्टिकरवरचा आकडा तोच राहतो, आणि हिचचं स्वतःचं वजनही त्यातच मोजायचं.

सहावी, ‘खासगी ट्रेलरला कोणी काट्यावर घेत नाही.’ हेही बहुतेक राज्यांत खरं असेल. आपल्याकडे ट्रक ओव्हरलोड सापडला तर २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, म्हणून लोक निमूट काटा करतात. तिकडे अडवणारं कोणी नाही म्हणून स्वतःहून करायला हवा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल नावाचे काटे असतात, खासगी गाड्यांनाही तिथे वजन करता येतं. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर, तिन्हींचे वेगवेगळे आकडे छापून मिळतात.

भाच्याला मी सांगितलंय की ४,५०० पाउंडांच्या आतला, भरलेल्या वजनाचा, छोटा ट्रेलर बघ, नाहीतर ताई-भाऊजींना दुसऱ्या गाडीतून आण. आणि निघायच्या दिवशी सगळे आत बसलेले असताना काटा करून पावतीचा फोटो याच ग्रुपवर टाक. भाऊजी, तुमचा तो मेसेज तेवढा डिलीट करा, आणि ज्याच्याकडून आला त्याला हे पाठवा.