बाहेर उणे वीस असलं, तरी टर्बो तापते

हिवाळा लागला की कॅल्गरीपासून सॉल्ट लेक सिटीपर्यंतच्या मराठी ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे चौघांकडून आला. त्यात चार दावे आहेत: उणे वीसच्या थंडीत टर्बो स्नोमोबाइलचं (बर्फावर पट्ट्याने धावणारी गाडी; टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र) इंजिन तापूच शकत नाही, उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिनावर ताणही कमी, हुडला हवेसाठी बसवायच्या जाळ्या, टर्बोवर गुंडाळायचं ब्लँकेट आणि बर्फ खरवडणारे स्क्रॅचर हे पैसे उकळायचे धंदे, आणि तापमानाचा दिवा लागलाच तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा, पुढचं थंडी बघून घेईल. हे खरं मानून कुणी डोंगरात इंजिन जाळून बसलं, तर संध्याकाळच्या आत परतणंही अवघड होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

"थंडी इंजिन गार ठेवते." थंडी नाही, बर्फ ठेवतो. बहुतेक स्लेडना, म्हणजे स्नोमोबाइलना, कारसारखा रेडिएटर नसतो. पट्ट्याच्या वरच्या बोगद्याला, म्हणजे टनेलला, ॲल्युमिनियमचे हीट एक्स्चेंजर असतात. इंजिन गार ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, त्यांतून फिरतं आणि फिरता पट्टा खालून त्यांच्यावर बर्फ उडवतो. उणे दहाचा एक किलो बर्फ वितळताना साधारण 350 किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. तेवढीच उष्णता एक किलो हवेने घ्यायची, तर ती हवा साडेतीनशे अंशांनी तापायला हवी. 180 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर कूलंटमध्ये ढोबळमानाने 100 किलोवॉट उष्णता सोडतं. म्हणजे सेकंदाला पाव किलोहून जास्त बर्फ वितळायला हवा. तो उडालाच नाही तर?

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वायोमिंगमधली टॉगवटी खिंड, मार्चमधली सकाळ, उणे अठरा. रात्रभर गोठून ट्रेल काचेसारखा कडक झाला होता. आमच्यातल्या एकाच्या फोर-स्ट्रोक टर्बोचा तापमानाचा दिवा चार मैलांतच लागला. टनेलखाली वाकून पाहिलं तर एक्स्चेंजर कोरडे ठणठणीत, पाण्याचा एक थेंब नाही, आणि हातमोज्यातूनही चटका बसत होता. स्क्रॅचर मात्र वर अडकवून ठेवलेले. ट्रेलवरून पन्नास पावलं बाजूला, भुसभुशीत बर्फात गाडी घातली, तशी मागून वाफेचा लोट उठला. दोन मिनिटांत दिवा विझला. मग स्क्रॅचर खाली सोडले आणि दिवसभर पुन्हा काही झालं नाही. स्क्रॅचर म्हणजे कडक बर्फ खरवडून त्याचा चुरा पट्ट्यावर उडवणाऱ्या दोन लवचीक काड्या. गाडी मागे घेताना तेवढ्या वर घ्यायच्या, नाहीतर मोडतात.

"उंचावर ताण कमी." टर्बो नसलेल्या इंजिनाबद्दल हे थोडंफार खरं आहे. 3000 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपट उरते, तशी ताकदही घटते. पण ही घट भरून काढण्यासाठीच तर टर्बो असतो! स्नोमोबाइल बनवणाऱ्या स्की-डूने 2020 मॉडेलच्या समिट 850 ई-टेक टर्बोबद्दल तेच सांगितलं होतं: 165 हॉर्सपॉवर 8000 फुटांपर्यंत टिकते. ताकद समुद्रसपाटीची, तर उष्णताही समुद्रसपाटीचीच. हुडखालून वाहणारी हवा मात्र वजनाने पाव हिस्सा कमी. त्यात हवा दाबली की तीही तापते: उणे दहाची हवा दीडपट दाबाला नेली की सहज चाळिशीच्या आसपास पोचते. म्हणजे उंचावर टर्बोचं गणित अवघड होतं, सोपं नाही.

"जाळ्या आणि ब्लँकेट म्हणजे दिखावा." इथे निम्मं मान्य. कुठेही भोकं पाडून जाळ्या बसवल्या तर खोल भुसभुशीत बर्फात बर्फाची धूळ आत येते, वितळते, इंजिनाची ताकद पट्ट्याकडे नेणारा ड्राइव्ह बेल्ट ओला होऊन घसरतो. जाळी कुठे बसवायची हे कळत नसेल तर नका बसवू. पण टर्बाइनमधून, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकातून, जाणारा वायू कित्येकशे अंशांचा असतो आणि त्याच बंद हुडखाली रबराचा ड्राइव्ह बेल्ट फिरत असतो. उष्णता बेल्टचा जीव घेते. भर चढावर बेल्ट फुटला तर गाडी जागच्या जागी अडकते. ब्लँकेट टर्बोची उष्णता टर्बोतच ठेवतं, म्हणून मी त्यावर आनंदाने पैसे खर्च करतो. बेल्टचं तापमान दाखवणारा सेन्सर मिळाला तर त्यावरही.

"दिवा लागला की लगेच बंद." सगळ्यात घातक सल्ला हाच. इंजिन थांबलं की त्याच्यावर चालणारा, कूलंट फिरवणारा पंपही थांबतो. लालबुंद टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि तिथे अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. हुडखालचं तापमान तर काही मिनिटं उलट वाढतं. शक्य असेल तर हळू वेगात भुसभुशीत बर्फ गाठा, दिवा विझू द्या, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर, म्हणजे गाडी उभी करून इंजिन हळू चालू, ठेवा आणि मग बंद करा. आजूबाजूला फक्त कडक बर्फच असेल तर गोष्ट वेगळी. आयडलवर पट्टा बर्फ उडवत नाही, त्यामुळे इंजिन चालू ठेवून उपयोग नाही. तेव्हा बंद करा आणि हाताने, फावड्याने टनेलवर बर्फ रचा. टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर मुळीच नाही, तापलेलं बीड (ओतीव लोखंड) तडकू शकतं. आणि कूलंटचं झाकण पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, आतलं उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.