‘पंचांना वेगळं कायदेशीर संरक्षण कशाला?’ या पोस्टला उत्तर

शालेय कबड्डीचा मोसम सुरू झाला की पालकांच्या आणि क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पंचाला मारहाण झाली तर कायदा आहेच, वेगळे लाड नकोत, पालक भावनेच्या भरात बोलतात, पंचांनी निर्णय नीट दिले तर कुणी चिडणारच नाही, आणि वेगळा कायदा केला तर पंच खोट्या केसेस करतील. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांना मी पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

‘कायदा आहेच.’ तो पोलीस ठाण्यात गेल्यावर कसा भेटतो ते बघा. एखाद्या पालकाने मैदानात घुसून पंचाच्या कानाखाली मारली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2) लागतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवीगाळीला कलम 352, धमकीला 351. पण साधी मारहाण आणि शिवीगाळ हे गुन्हे अदखलपात्र आहेत, साध्या धमकीचंही तेच. म्हणजे एनसी, ठाण्यात नुसती नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. पंचाच्या हातात एनसीची प्रत पडते आणि पुढचं कोर्टात बघा, असं सांगितलं जातं. मानधनापेक्षा जास्त पैसे वकिलाला कोण देणार?

कलम 121 आणि 132 कडक आहेत, दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण ती लोकसेवकावर, म्हणजे सरकारी सेवेतल्या माणसावर, कर्तव्य बजावताना झालेल्या हल्ल्यासाठी. जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक पंच असेल तर तो निदान त्यांचा आधार मागू शकतो. त्याच्या शेजारी बसलेला गुणलेखक बहुधा संघटनेची पंच परीक्षा पास झालेला कॉलेजचा मुलगा असतो. त्याला हा आधार नाही. एकाच मैदानावर, एकाच माणसाने दोघांना मारलं तरी गुन्हे वेगळे. ‘कायदा आहेच’ म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

विशेष संरक्षण ही काही अनोखी मागणी नाही. महाराष्ट्रात डॉक्टर आणि रुग्णालयांसाठी 2010 चा कायदा आहे, पत्रकारांसाठी 2017 चा. दोन्हींत हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत तर कलम 243.8 फक्त खेळातल्या पंच-पदाधिकाऱ्यांसाठी आहे. साध्या मारहाणीला तिथे सहा महिन्यांपर्यंत कैद, पंचाला मारलं तर एक वर्षापर्यंत. शालेय आणि हौशी सामनेही त्यात येतात.

‘निर्णय नीट द्या.’ पंच चुकतात, हे मान्य. पण पुष्कळदा चूक बघणाऱ्याच्या जागेची असते. चढाईपटूचा पाय लॉबीत, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या पट्ट्यात, पडला. त्याआधी बचावपटूला स्पर्श झाला असेल तर लॉबी मैदानात धरतात, नसेल तर तो बाद. दोरीमागून पाय दिसतो, बोटाचा स्पर्श दिसत नाही. आणि खरंच चूक झाली असेल तर संघव्यवस्थापकाने लेखी आक्षेप नोंदवावा. त्यासाठी पंचाच्या अंगावर धावून जावं लागत नाही.

‘भावनेच्या भरात.’ भर ओसरेपर्यंत काय होऊ शकतं ते नेदरलँड्समधल्या अल्मेरे शहराने डिसेंबर 2012 मध्ये पाहिलं. मुलांच्या फुटबॉल सामन्यानंतर, मुलाच्या संघासाठी हौसेने रेषापंच झालेल्या एका वडिलांना पाहुण्या संघाच्या पोरांनी इतकं मारलं की दुसऱ्या दिवशी ते गेले. शिक्षा झाली त्यांत किशोरवयीन खेळाडू होते आणि त्यांच्यातल्याच एकाचे वडीलही.

आपल्याकडेही फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मॅटवर एका मल्लाने पंचांना लाथ मारली, दुसऱ्याने शिवीगाळ केली. कुस्तीगीर संघाने दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर केली. संघटना एवढंच करू शकते, तेही खेळाडूला. कबड्डीतलं हिरवं, पिवळं, लाल कार्डही संघालाच दाखवता येतं. दोरीमागच्या पालकावर कोणती संघटना बंदी घालणार?

‘खोट्या केसेस होतील.’ ही भीती मी उडवून लावत नाही. पत्रकारांच्या कायद्यात खोटी तक्रार करणाऱ्यालाही शिक्षा आहे, तेच कलम इथे घ्या. आक्षेप घेणं, निर्णयावर टीका करणं हे गुन्ह्याबाहेर आहे, असं स्पष्ट लिहा. कायदा फक्त अंगावर हात टाकणं, वाट अडवणं आणि धमकी एवढ्यापुरताच ठेवा. सामना सुरू असताना आणि पंच घरी पोचेपर्यंत.

पण एक गोष्ट त्यात हवीच: तक्रार देण्याची जबाबदारी स्पर्धेच्या आयोजकावर टाकलेली असावी. आज पोलिसांत एकट्या पंचालाच जावं लागतं, आणि पुढच्या वर्षी त्याला त्याच तालुक्यात, त्याच शाळांसमोर शिट्टी वाजवायची असते. म्हणून तो जात नाही.