333 भागिले 100?

नमस्कार. सोनीचा पीएसपी आणि निन्टेन्डोचा डीएस या हातात धरून खेळायच्या गेम यंत्रांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: पीएसपीचा प्रोसेसर 333 मेगाहर्ट्झचा. निन्टेन्डो डीएसमध्ये दोन, 67 आणि 33, बेरीज 100. म्हणजे पीएसपी 3.33 पट वेगवान, आणि ‘तुलना इतकी सरळ नाही’ हे माझं वाक्य म्हणजे डीएसची वकिली.

आधी माझी चूक कबूल करतो. तुमच्यामुळे लेखातला तक्ता पुन्हा तपासला, तेव्हा दिसलं की पीएसपीसमोर मी नुसतं 333 लिहिलंय. 2004 मध्ये जपानमध्ये पीएसपी आला तेव्हा सोनीने गेमना 222 च्या वर जाऊ दिलं नव्हतं. 333 ची मुभा मिळाली 2007 च्या फर्मवेअरपासून, म्हणजे यंत्राच्या अंगभूत सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीपासून. त्याआधीचे गेम 222 धरूनच बनलेले आहेत.

आता तुमच्या बेरजेकडे येतो. डीएसमधला 33 चा प्रोसेसर, एआरएम7, मुख्यतः आवाज, वायफाय आणि टच स्क्रीन सांभाळतो. गेमचा मूळ हिशोब चालतो तो 67 च्या एआरएम9 वर. दोघांची कामं वेगळी, त्यामुळे आकडे एकात मिळवता येत नाहीत. आणि मिळवायचेच असतील तर पीएसपीतही मीडिया इंजिन नावाचा दुसरा प्रोसेसर आहे, तो तुम्ही सोडून दिलात.

बरं, बेरीज बाजूला ठेवू. 333 भागिले 67 म्हणजे पाच पट, हे तरी खरं का? माझ्या मते हा आकडा कुठेच लागू पडत नाही. एआरएम9 मध्ये फ्लोटचं, म्हणजे दशांश चिन्ह असलेल्या आकड्यांच्या आकडेमोडीचं, हार्डवेअरच नाही. मी डीएसवर एक छोटा प्रोग्राम लिहिला होता: एकमेकांवर आदळणारे शंभर चेंडू. सगळे आकडे फ्लोटमध्ये ठेवले तर चेंडू अडखळत चालायचे, कारण प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरमधून व्हायचा. तेच आकडे फिक्स्ड पॉइंटमध्ये, म्हणजे शेवटचे 12 बिट अपूर्णांकासाठी राखून, पूर्णांक म्हणून लिहिले आणि चेंडू सुरळीत उड्या मारू लागले. प्रोसेसर तोच, मेगाहर्ट्झही तेच. पीएसपीत फ्लोटसाठी स्वतंत्र युनिट आहे, वर व्हेक्टर गणितासाठी, म्हणजे एकदम अनेक आकड्यांच्या आकडेमोडीसाठी, व्हीएफपीयू नावाचं युनिट आहे. अशा कामात दोघांतलं अंतर पाच पटींहूनही मोठं आहे. म्हणजे तुमचा आकडा इथे पीएसपीवरच अन्याय करतो!

उलट 2डी गेम घ्या. डीएसमध्ये टाइल (पार्श्वभूमीचे छोटे चौकोनी तुकडे) आणि स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) रंगवणारी दोन 2डी इंजिनं आहेत, दोन पडद्यांसाठी. पार्श्वभूमी सरकवायची तर प्रोसेसरने रजिस्टरमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या ठराविक खणात, एक आकडा बदलायचा, चित्र हार्डवेअर काढतं. पीएसपीकडे तशी सोय नाही, तिथे 2डी चित्रही ग्राफिक्स चिपकडे चौकोन म्हणून पाठवावं लागतं. पीएसपी तेही आरामात करतो, पण खेळणाऱ्याला पाच पटींचा फरक कुठे दिसणार?

तेव्हा ही वकिली नाही. 3डी गेमसाठी दोघांत पीएसपीच सरस, हे मी मूळ लेखातही म्हटलंय आणि आजही म्हणतो. तक्त्यात आता 222 आणि 333 दोन्ही लिहिलेत, आणि मेगाहर्ट्झशेजारी दोन रकाने वाढवलेत: फ्लोटचं हार्डवेअर आहे का, आणि 2डी चित्र कोण काढतं.