दातावरची कॅप उपटून टाकण्याआधी

परभणी-जालन्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘दातावर धातूची कॅप म्हणजे ॲलर्जी ठरलेली, आजच काढून टाका.’ हे अर्धवट आहे.

ॲलर्जी होते, पण बहुतेक वेळा दोषी एकच धातू: निकेल. स्वस्तातल्या कॅपमध्ये निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू असतो. जत्रेतले खोटे झुमके घातले की ज्यांच्या कानाची पाळी खाजते, चिघळते, त्यांनी दातांच्या डॉक्टरांना ते आधीच सांगावं. माझ्याकडे आलेल्या सेलूच्या एका मावशींच्या मनगटावर घड्याळाच्या बकलाएवढाच काळपट चट्टा होता. ही निकेलचीच खूण, म्हणून त्यांना झिरकोनियाची, म्हणजे निकेल नसलेली सिरॅमिकची, कॅप बसवली. बाकीच्यांनी कशाला घाबरायचं?

तोंडातली ॲलर्जी सहसा धातूला टेकलेल्या गालावर किंवा हिरडीवरच दिसते: पांढऱ्या रेघा, लाली, जळजळ. नुसती जळजळ गुटख्यानेही होते, आणि आपल्याकडे तीच जास्त! खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. ॲलर्जीच्या नेहमीच्या रक्त तपासणीत हे कळत नाही.

इम्प्लांटमधल्या, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या दाताच्या कृत्रिम मुळातल्या, टायटॅनियम धातूची ॲलर्जी तर फारच क्वचित.