'भत्त्यासाठी फिरणाऱ्या ताई' या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, मध्य प्रदेशातून आमच्या राळेगाव भागात कापूस वेचायला येणाऱ्या बायांच्या आरोग्याचा अभ्यास एक मेडिकल कॉलेज आणि आमचा बचत गट मिळून करतो. त्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलं, "कॉलेजवाले फॉर्म भरून नेतात, अहवाल बायांना कोणी दाखवत नाही, आणि ताई भत्त्यासाठी त्यांच्या गाडीतून फिरतात."

एक मान्य. 'प्रश्न बायांनीच काढले' हे मी जरा जास्त लिहून गेले. फॉर्मातल्या प्रश्नांचा पहिला मसुदा कॉलेजातूनच आला होता. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण 'भत्त्यासाठी'? माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सावलीकडचं. आई दरवर्षी मिरची तोडायला तेव्हाच्या आंध्रात जायची, मी सात वर्षांची, तिच्यासोबत. एकदा तिच्या अंगावरून लाल जायला लागलं. तिथल्या दवाखान्यात तिचं बोलणं कोणाला समजेना. हात मिरचीने भाजलेले, कपडा बदलायची चोरी, अशात तिने पाच दिवस काढले. कोणासाठी फिरते, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. भत्ता मिळतो, कारण त्या दिवशीची माझी मजुरी बुडते. तुम्ही कुठे फुकट राबता का? असं बोलायला मला आवडत नाही, पण सुरुवात तुम्ही केलीत.

कॉलेजच्या त्या मसुद्यात 'पाळी नियमित येते का?' असा प्रश्न होता. बाया खाली पाहून 'हो' म्हणायच्या. ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करता करता एक कोरकू बाई म्हणाली, "हे नको विचारू. कपडा कुठे बदलतो ते विचार." वावरात आडोसा नाही आणि मजुरी किलोवर. लघवीला जावं लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे फॉर्मात आलं ते तिच्यामुळे.

आणि फॉर्मांना नावं ठेवू नका. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, १९८९ साली ती 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. आधी कधी तपासणी झालेल्या शंभरात आठही नव्हत्या. तोवर सरकारदरबारी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. मोजलं नसतं तर कोणी मानलं असतं?

अहवालाचं म्हणाल तर तो अजून व्हायचा आहे, तेव्हा बघू.

मजूर दिवाळीनंतर येतील. यायचं असेल तर संध्याकाळी वजन झाल्यावर या, त्याआधी बाया रिकाम्या नसतात.