‘वेळच औषध आहे’ हे सगळ्यांना लागू नाही

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातला दावा थोडक्यात असा: मानसिक आघात काळाबरोबर आपोआप भरून येतो; लवकर उपचार केले तर नुकसान होतं, आणि हे संशोधनानंच दाखवलंय; हजारो लोकांचे आकडे गोळा करून एकाचं दुःख कळत नाही; सुरुवातीला झोपेची गोळी पुरते; आणि खचतात ते मुळातच मनाने कच्चे असतात. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण हे वाचून कुणी घरातल्या माणसाला ‘थांब, होईल बरं’ म्हणत वर्षं घालवणार असेल, तर मला गप्प बसवत नाही.

‘आपोआप बरं होतं.’ बऱ्याच जणांचं होतं, हे खरंच. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दक्षिण मॅनहॅटनमधल्या रहिवाशांची फोनवरून पाहणी झाली. महिन्याभराने ७.५ टक्के लोकांत पीटीएसडीची (आघातोत्तर ताणविकाराची) लक्षणं दिसली, सहा महिन्यांनी ०.६ टक्के लोकांत. मात्र १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत दुसरी बाजू दिसते. पीटीएसडी झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक कित्येक वर्षांनीही त्यातून बाहेर आले नव्हते. मेसेज पहिल्यांची गोष्ट सांगतो आणि दुसऱ्यांना वगळतो.

‘लवकर उपचार घातक.’ इथे जरा थांबू, कारण खरी गल्लत इथेच आहे. ज्या संशोधनाचा हवाला दिला जातो ते ‘डीब्रीफिंग’बद्दल आहे: घटनेनंतर काही दिवसांत एकच बैठक, आणि त्यात काय पाहिलंस, काय वाटलं, सगळं सांग. कुणाला त्रास आहे, कुणाला नाही, हे न पाहता सगळ्यांना सारखंच. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर याची चाचणी झाली. तेरा महिन्यांनी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी होता, न झालेल्यांपैकी ९ टक्के लोकांना. (बैठक मिळालेल्या गटाच्या जखमा मुळात जास्त गंभीर होत्या, हेही सांगायला हवं.) २००२ च्या कॉक्रेन आढाव्यानेही (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) अशा एकाच बैठकीने पीटीएसडी टळत नाही, असाच निष्कर्ष काढला. ही पद्धत मागे पडली ते योग्यच झालं.

पण लवकरचा उपचार म्हणजे एवढंच नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रस्ते अपघातातून वाचलेल्यांना आधी तीन आठवडे आपल्या लक्षणांची नोंद ठेवायला सांगितलं. तेवढ्यावर जे सावरले त्यांना पुढे काही दिलं नाही. उरलेल्या ८५ जणांचे तीन गट केले. शेवटच्या तपासणीत पीटीएसडी उरला होता तो असा: कॉग्निटिव्ह थेरपी (घटनेबद्दलचे विचार बदलायला मदत करणारा, बोलण्यातून होणारा उपचार) घेतलेल्यांपैकी ११ टक्के, स्वमदतीची पुस्तिका मिळालेल्यांपैकी ६१ टक्के, नुसती तपासणी होत राहिलेल्यांपैकी ५५ टक्के. या थेरपीत रुग्ण थेरपिस्टबरोबर अपघाताच्या जागी जाऊन उभा राहू शकतो. ब्रेक करकचला की छाती आजही धडधडते. पण त्या दिवशी गाडी अंगावर आली होती, आज ती समोर थांबलीय. तेव्हाचं आणि आत्ताचं यातला फरक तिथेच, एकेक करून पाहायचा. डीब्रीफिंगशी याचं नातं नाही.

जेरुसलेममध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. पूर्ण पीटीएसडी असलेल्यांना लवकर थेरपीचा मोठा फायदा झाला; ज्यांची लक्षणं अर्धवट होती, ते थेरपीशिवायही तितकेच सावरले. म्हणजे प्रश्न ‘लवकर की उशिरा’ एवढाच नाही, कुणाला हाही आहे.

‘आकड्यांतून माणूस कळत नाही.’ मग उपचार कुणाला द्यायचे, हे कसं ठरवणार? चोवीस देशांतल्या जवळपास ६९ हजार लोकांच्या सर्वेक्षणात सुमारे ७० टक्के लोकांनी आयुष्यात निदान एक तरी आघात अनुभवलेला होता. इतक्यांना थेरपिस्ट कुठून आणायचे? आणि आणायची गरजही नाही. २०१९ मध्ये सहा देशांतल्या दहा अभ्यासांचा, २,४७३ रुग्णांचा डेटा एकत्र केला गेला. आघातानंतर दवाखान्यात आलेल्या या माणसांपैकी पुढे ११.८ टक्के लोकांना पीटीएसडी झाला. सुरुवातीच्या लक्षणांची तीव्रता मोजली, तर कुणाचा धोका किती हे बऱ्यापैकी सांगता येतं, असं त्यात दिसलं. खाटेवर पडलेल्या एकाच माणसाकडे पाहून डॉक्टरला हे उमगत नाही. शेकडोंचा वर्ष वर्ष पाठपुरावा केल्यावरच ते कळतं.

‘झोपेची गोळी द्या.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी बेंझोडायझेपिन गटाची औषधं (झोपेच्या बऱ्याच गोळ्या याच गटातल्या) देऊ नयेत, असं स्पष्ट म्हटलंय.

‘मनाने कच्चे.’ हे वाक्य वाचून मला सर्वांत वाईट वाटलं, कारण आधीच खचलेल्या माणसाला ते आणखी खाली ढकलतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात आघाताआधीच्या गोष्टींपेक्षा दोन नंतरच्या गोष्टी जड ठरल्या: माणसांचा आधार न मिळणं, आणि घटनेनंतरही आयुष्यात ताण येत राहणं. त्या माणसाच्या शेजारी कोण बसलं, की त्याला ‘कच्चा’ म्हणून सगळे उठून गेले, हे त्याच्या स्वभावात लिहिलेलं नसतं.